हुआ हिनच्या हिरवळीवर स्पिरिट लेव्हल

हुआ हिनला जाणार असाल तर एवढंच सांगते, हॉटेलच्या खोलीत शिरल्या शिरल्या बाथरूमच्या फरशीला ढाळ किती आहे हे बघणारा माणूस सोबत नेऊ नका. मी नेला. खरं तर त्यांनी मला नेलं, कारण ते माझे पप्पा आहेत आणि तिकिटं त्यांनी काढली होती.

थायलंडमधलं हे किनाऱ्यावरचं गाव बँकॉकपासून गाडीनं तीनेक तासांवर आहे. लोक तिथे ऊन खायला, समुद्रात पाय भिजवायला आणि गोल्फ खेळायला जातात. आम्ही यातलं काहीच करायला गेलो नव्हतो. आम्ही गोल्फ कोर्स निवडायला गेलो होतो.

पप्पांचं नाव भगवान, वाळूजला त्यांचं छोटं वर्कशॉप आहे, तिथे गाड्यांचे पार्ट बनतात. त्यांच्या आधीच्या पिढ्या खुलताबादच्या डोंगरात मेंढ्या चारायच्या. पप्पा घरातले पहिले, जे कारखान्यात लेथ मशीनवर लागले. त्याच लेथवर दुसऱ्या पाळीला रशीद चाचा असायचे. पुढे दोघांनी आपापली वर्कशॉप्स काढली, आणि दहा-बारा वर्षांपूर्वी एका परदेशी कस्टमरच्या नादानं दोघं एकाच दिवशी गोल्फ शिकायला लागले. आता त्यांचा सहा कारखानदारांचा ग्रुप आहे. दरवर्षी दिवाळीनंतर आठवडाभर ते कुठल्यातरी समुद्रकाठी खेळायला जातात आणि दरवर्षी एक जण कोर्स निवडतो. या वर्षी पाळी पप्पांची होती.

गेल्या वर्षी चाचांना अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं पूर्ण परत आलं, हात बराचसा आला, उजवा पाय मात्र ओढतो. काठी ते घेत नाहीत. गोल्फची एक जुनी लोखंडी स्टिक उलटी धरून तिच्यावर भार देतात आणि कुणी बघतंय असं वाटलं तर चेंडू शोधत असल्यासारखं करतात. बाकीच्या चौघांनी चाचा यायचे नाहीत असं धरूनच ठेवलं होतं. पप्पांनी त्यांना सांगितलं, तू येणार. चाचा म्हणाले, "देखते हैं." चाचांना जमेल असं मैदान सापडलं नाही तर ते येणार नव्हते, आणि चाचा नसतील तर पप्पाही जाणार नव्हते. हे पप्पा बोलले नव्हते, पण आईनं आणि मी ओळखलं होतं.

मी घरबसल्या बारा कोर्सचा तक्ता केला होता. फोटो, नकाशे, खेळून आलेल्यांची मतं, सगळं होतं त्यात. पप्पांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि बाजूला ठेवला.

"सॅम्पल बघितल्याबिगर मी लॉट घेत नाय," ते म्हणाले. "आन् तू चल माझ्यासंगं. तुला इंग्लिश येतं."

माझी शाळा इंग्लिश मीडियमची होती. त्यामुळे मी जगातल्या कुणाशीही बोलू शकते अशी पप्पांची समजूत आहे. वस्तुस्थिती अशी की मला तीन भाषा येतात आणि तिन्हींत मला गप्प बसता येतं.

पहिला कोर्स

सकाळी नाश्त्याला पप्पांनी टेबलावर आईनं दिलेले धपाटे काढले, त्याशेजारी स्पिरिट लेव्हल ठेवली आणि वेटरला खुणेनं दही मागितलं. स्पिरिट लेव्हल म्हणजे गवंडी आणि फिटर वापरतात ती पट्टी, मधल्या काचेच्या नळीत बुडबुडा असतो, पट्टी सपाट असली की तो मधोमध येतो. ही वर्कशॉपमधली, लाल रंगाची होती. काचेवर काळ्या मार्करनं एक रेघ मारलेली होती.

"ही कसली रेघ?"

"रशीदच्या दारातला उतार हाय ना, गेटपासून पायरीपर्यंत? तिथपर्यंत तो कशाला बी न धरता चढतो. मी बघितलंय. त्या उतारावर बुडबुडा हितं आला व्हता." पप्पांनी रेघेवर बोट ठेवलं. "रेघेच्या आत असला तर ओके. भाईर गेला तर नॉट ओके. माप तपासायचं गेज बनवलंय मी."

"पप्पा, तिथे गाड्या असतात. बसून फिरतात लोक."

"गाडी डांबरी रस्त्यावर थांबती. चेंडूपर्यंत कोण जाणार, गाडी?"

मी धपाट्याला दही लावलं. पण चाचांच्या पायाचं माप घेऊन कुणी परदेशात जातं का, हा प्रश्न तेव्हाही होता.

पहिला कोर्स माझ्या तक्त्यात एक नंबरला होता. काउंटरवरच्या बाईंनी हात जोडले, आम्हीही जोडले. इथल्या या पद्धतीमुळे पप्पांना सगळीकडे नातेवाइकांत आल्यासारखं वाटत होतं, हे पुढे फार महागात पडलं.

"किती खेळाडू?" बाईंनी इंग्रजीत विचारलं.

"कुणीच नाही," मी म्हटलं.

त्या हसत राहिल्या. मीही हसत राहिले. मागून पप्पा म्हणाले, "सांग की त्यांला, आमचा एक माणूस हाय, पाय अधू हाय, त्याच्यासाठी उतार बघायचाय."

चाचांचा पाय एका अनोळखी काउंटरवर मांडणं मला नको होतं. मी नुसतं "आम्हाला बघायचं आहे" असं म्हटलं. काय बघायचं आहे? मैदान. न खेळता? हो. दहा मिनिटं हे चाललं. शेवटी त्यांनी एक गाडी, एक कॅडी आणि एक तास दिला.

कॅडी म्हणजे खेळाडूसोबत चालणारी, स्टिकची पिशवी सांभाळणारी मदतनीस. या भागात प्रत्येक खेळाडूला एक कॅडी घ्यावीच लागते आणि बहुतेक सगळ्या बायका असतात. लांब बाह्या, हातमोजे, मोठी टोपी, तोंडाला फडकं, फक्त डोळे उघडे. आमच्या शहरातल्या क्रांती चौकात सिग्नलला स्कूटीवर थांबलेल्या मुली अशाच दिसतात. मी पर्समधून माझा स्कार्फ काढला आणि आमच्या पद्धतीनं बांधला. कॅडीनं माझ्याकडे बघून मान हलवली. त्या दिवसातलं माझं सगळ्यात चांगलं संभाषण तेच.

मैदान सुंदर होतं, हे मला मान्य करायचं आहे, कारण पप्पांनी केलं नाही. ताडाची झाडं, तळी, दूरवर डोंगर. भर दुपारी फवारे चालू होते. आमच्याकडे नळाला पाणी आठवड्यानं येतं आणि त्या दिवशी आई कुठलाच कार्यक्रम ठरवत नाही. पप्पा फवाऱ्याकडे बघत उभे राहिले. "कोन हाय रे इथला इंजिनियर," ते कुणालाही न उद्देशून म्हणाले, "पाणी उन्हात मारायलेत."

तिसऱ्या होलला, म्हणजे खेळाच्या तिसऱ्या टप्प्याला, ते ग्रीनवर गेले. ग्रीन म्हणजे भोकाभोवतीची ती गालिच्यासारखी कापलेली हिरवळ, जिच्यावर लोक पाऊलसुद्धा जपून टाकतात. पप्पा तिच्यावर गुडघे टेकून बसले आणि लोखंडी पट्टी ठेवली. कॅडीच्या तोंडून एक बारीक आवाज आला. लांबून एक माणूस गाडी पळवत आमच्याकडे यायला लागला.

"पप्पा, उठा."

"थांब, बुडबुडा हलतोय."

"पप्पा!"

"हे बघ. रेघेच्या भाईर. नॉट ओके."

गाडीवाला आला. मी आयुष्यात एका दमात इतक्या वेळा "सॉरी" म्हटलं नव्हतं. पप्पांनी त्याला पट्टी दाखवली, बुडबुडा दाखवला, आणि शुद्ध मराठवाडी बोलीत समजावलं की हिरवळ चांगली राखली आहे पण ढाळ जास्त आहे. त्या माणसानं पट्टी हातात घेतली, बुडबुड्याकडे बघितलं आणि आम्हाला नम्रपणे गेटपर्यंत पोचवलं.

दुसरा कोर्स

दुसरा डोंगरावर होता. "डोंगरावर कशाला जायचं मग?" मी विचारलं. "तक्त्यात तूच टाकलाय," पप्पा म्हणाले. हे खरं होतं, आणि त्यामुळे जास्त राग आला.

पाचव्या होलला झाडांची रांग संपते आणि खाली एकदम समुद्र येतो. मी इतकं निळं पाणी आधी बघितलं नव्हतं. वारा होता, कापलेल्या गवताचा वास होता, खाली दोन मासेमारी होड्या जागच्या जागी उभ्या असल्यासारख्या दिसत होत्या. चाचांना हे दाखवायला हवं असं मनात आलं, आणि मागून आवाज आला, "नॉट ओके!"

पप्पा उतारावर पालथे पडून बुडबुडा बघत होते. इथल्या लोकांना मी आधीच सांगून ठेवलं होतं की माझे वडील इंजिनियर आहेत. एवढ्या एका शब्दावर ते सगळं समजून घेत होते.

मी झाडाखाली बसले. समोरच्या उतारावरून एक म्हातारे गृहस्थ येत होते, ऐंशीच्या आसपासचे, बहुधा जपानी. पाऊल अगदी सावकाश पडत होतं. त्यांची कॅडी, टोपीवर एक्केचाळीस नंबर, त्यांच्या मागे नव्हती की पुढे नव्हती. ती उताराच्या खालच्या बाजूला, अर्धं पाऊल पुढे चालत होती. म्हाताऱ्यांचा हात तिच्या खांद्यावर होता. ती त्यांच्याकडे बघत नव्हती, धरत नव्हती, बोलत नव्हती. दुसऱ्या हातानं ती फडक्यानं चेंडू पुसत होती, जणू खांदा तिथे सहज राहून गेला होता. चढ आला तेव्हा ती न सांगता पलीकडच्या बाजूला गेली. ग्रीनपाशी पोचल्यावर हात निघाला, म्हातारे ताठ उभे राहिले आणि चेंडू मारला. सोबतच्या तिघांपैकी कुणाचं लक्षसुद्धा नव्हतं.

"पप्पा, ते बघा," मी म्हटलं.

"थांब गं माय, लिहून घेतोय."

माझी एक सवय आहे. मी एखादी गोष्ट एकदा सांगते. ऐकली नाही तर परत सांगत नाही. घरात ही सवय सगळ्यांना माहीत आहे आणि कुणाला तिचा उपयोग झालेला नाही. मी गप्प बसले. पप्पांनी कागदावर लाल स्टिकर चिकटवला. हो, लाल आणि हिरवे स्टिकरही त्यांनी वर्कशॉपमधून आणले होते.

जेवायला रस्त्याकडेच्या टपरीवर थांबलो. एक बाई लाकडी खलात मिरच्या, लसूण आणि शेंगदाणे कुटत होती, वरून कच्च्या पपईचा कीस. पप्पा उभे राहून बघत राहिले. "हा तर आपला ठेचा! पपई कामून घातली?" मग तिच्या हातातून बत्ता घेऊन त्यांनी स्वतः कुटलं, तिनं त्यात माशाचं पाणी घातलं, पप्पांनी वास घेऊन तोंड फिरवलं, बाई खदखदून हसली, आणि दोघांनी दोन प्लेटी संपवल्या. चार शब्द सामाईक नसताना. मला तिथे ज्या कामासाठी नेलं होतं ते काम मला सोडून सगळ्यांना जमत होतं.

तिसरा कोर्स

माझ्या तक्त्यात तो नव्हताच. आमच्या भाड्याच्या गाडीच्या ड्रायव्हरनं पप्पांना सुचवला होता, कोणत्या भाषेत ते विचारू नका. समुद्रापासून लांब, अननसाच्या शेतांत, एकदम सपाट. एक तळं, तेही चौकोनी. झाडं नुकती लावलेली, टेकू दिलेली. तिथे शाळेच्या मुलांचं शिबिर चालू होतं. पप्पांनी नऊ ठिकाणी पट्टी ठेवली. नऊही ठिकाणी बुडबुडा रेघेच्या आत.

"ओके!" पप्पा ओरडले. हिरवा स्टिकर त्यांनी दोनदा दाबून चिकटवला. इतके खूश मी त्यांना वर्कशॉपला पहिलं मोठं मशीन आलं तेव्हा बघितलं होतं.

"पप्पा, इथे बाकीचे लोक कंटाळतील."

"कंटाळू दे. रशीद खेळल."

त्यांनी लगेच व्हिडिओ कॉल लावला. चाचा अंगणात बसले होते. पप्पांनी फोन गोल फिरवून मैदान दाखवलं, अननस दाखवले, आणि मग उत्साहाच्या भरात पट्टी कॅमेऱ्यासमोर धरली.

"बघ, बुडबुडा बघ. रेघेच्या आत हाय का नाय?"

चाचा चाळीस वर्षं मापं घेणारा माणूस. त्यांनी रेघेकडे बघितलं. मग मला दिसलं की त्यांनी मान वळवून आपल्या गेटकडे बघितलं.

"ये लाइन कायकी है, भगवान?"

पप्पांनी पट्टी खाली घेतली.

"मेरे दरवाजे की है?"

"रशीद, तसं नाय..."

"मेरे पाँव का गेज बनाया तू? और दुनियाभर में ले के घूम रहा?" आवाज चढला नव्हता, हेच वाईट होतं. "बच्चे खेल रहे ना वहाँ पीछे? मेरे लिए बच्चों का मैदान ढूँढा. चारों को बोल, रशीद के वास्ते सपाट जगह ली है. नक्को रे बाबा. तुम लोग जाओ. मैं नहीं आता."

फोन बंद झाला. पप्पांनी तीनदा परत लावला. चाचांनी उचलला नाही.

समुद्रावर

शेवटच्या दिवशी सकाळी आम्ही पहिल्यांदा समुद्रावर गेलो. पप्पा बुटांसकट वाळूत बसले. पर्यटकांना घोड्यावर बसवणारा एक माणूस दोनदा विचारून गेला. एरवी पप्पांनी घोड्याचे दात बघितले असते.

"मी चांगल्यासाठीच केलं व्हतं," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"मंग त्याला राग कामून आला?"

मला इतका संताप आला होता की सांगता येत नाही. या माणसानं तीन दिवस मला काउंटरवर उभं केलं, हिरवळीवर गुडघे टेकले, माझा तक्ता बाजूला ठेवला, माझं एक वाक्य पूर्ण ऐकलं नाही. आणि आता एखाद्या मुलासारखा बसला होता, आणि मला त्याच्यावर धड रागावताही येत नव्हतं.

फोन करणं मला आवडत नाही. घरच्यांनाही मी मेसेज लिहिते. मी बूट काढले, पाण्याच्या कडेनं थोडं लांब चालत गेले आणि चाचांना फोन लावला. माझा नंबर त्यांनी उचलला.

"बोल मिनू बेटा. भगवाननं करायला लावला फोन?"

"नाही. पप्पांना माहीत नाही."

"हं."

"चाचा, ते सपाट मैदान मलाही आवडलं नाही."

पलीकडे खुर्ची करकरली. मग, "एकदम भंगार होतं."

"दुसरं एक आहे. डोंगरावर. पाचव्या होलला समुद्र दिसतो. ते पप्पांनी नापास केलं."

"चढ होगा."

"आहे. पण पप्पांनी एकट्या माणसाचं माप घेतलं. तिथे एकटं कुणी चालतच नाही." आणि मग मी ते म्हातारे गृहस्थ सांगितले, एक्केचाळीस नंबर सांगितली, ती कुठल्या बाजूनं चालत होती, चेंडू कसा पुसत होती, हात कधी निघाला. मी इतकं सलग कधी बोलले नव्हते. मध्येच एक लाट येऊन माझी पँट गुडघ्यापर्यंत भिजली तरी मी थांबले नाही, कारण थांबले असते तर परत सुरू झाले नसते.



"ती बाई बोलते का?" चाचांनी विचारलं. "संभालके, धीरे, असं?"

"अजिबात नाही."

"माझ्या घरात सगळे बोलतात. बीवी, पोरं, तो व्यायाम शिकवणारा पोट्टा. चाचा सीधे, चाचा धीरे. उसके मारे मैं गिरता." ते थांबले. "पण मी अनोळखी बाईच्या खांद्यावर हात नाय ठेवणार. शरम वाटते."

"मग?"

"तू ये ना. तू भी कहाँ बोलती."

मी म्हटलं की मला ऑफिसचं काम असतं. हे खरं होतं. चाचा म्हणाले, "हौ, हौ, देखते हैं," आणि फोन ठेवला. मी मागे वळले तर पप्पा माझ्यामागे दहा पावलांवर उभे होते, बूट हातात. किती ऐकलं माहीत नाही. त्यांनी खिशातून तपासणीचा कागद काढला आणि दुसऱ्या कोर्सवरचा लाल स्टिकर नखानं खरवडायला लागले. तो फाटत फाटत निघाला.

घरी

पार्टचं माप थोडं चुकलं तरी कधी कधी कस्टमर अट घालून तो चालवून घेतो. वर्कशॉपच्या भाषेत याला डेव्हिएशन म्हणतात. पप्पांनी ग्रुपला पाठवलेल्या कागदावर दुसऱ्या कोर्सपुढे लिहिलं आहे, "डेव्हिएशनवर मंजूर". अटीचा रकाना त्यांनी रिकामा ठेवला. चौघांना समुद्राचा फोटो आवडला, कुणी काही विचारलं नाही.

अट काय ते मला परतल्यावरच्या रविवारी कळलं. पप्पा मला "जरा जाऊन येऊ" म्हणून चाचांकडे घेऊन गेले. चाचा पायरीवर उभे होते, हातात ती उलटी स्टिक नव्हती. माझ्याकडे बघितलं नाही. मीही त्यांच्याकडे बघितलं नाही. मी उताराच्या खालच्या बाजूला, अर्धं पाऊल पुढे जाऊन उभी राहिले आणि मोबाइल काढून त्याची काच ओढणीनं पुसायला लागले.

खांद्यावर हात आला. मला वाटलं होतं त्यापेक्षा बराच जड होता. डोंगराआधीचा सराव म्हणून आम्ही गेटकडे निघालो.

"सावकाश रशीद," मागून पप्पा म्हणाले. "डावा आधी. मिनू, जवळ व्हय जरा."

"पप्पा, गप्प बसा," मी म्हटलं.

एकदाच म्हटलं. गेटपर्यंत पप्पा एक शब्द बोलले नाहीत.